कुत्रं ज्या दारात बसलं

आमच्या गावात कुणाबद्दल ‘त्याच्या दारात कुत्रं बसलं’ असं म्हटलं, तर ऐकणारा एकदम गप्प होतो. बाहेरच्या माणसाला यात गप्प होण्यासारखं काय, ते कळत नाही. कुत्री बसतातच की दारात. पण हे कुत्रं पोलिसांचं होतं, जिल्ह्याच्या गावाहून गाडीत बसून आलं होतं, आणि आमच्या घरच्या चोरीसाठी आलं होतं. त्याला आणवलं मी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर देऊळगाव राजाचं, सासर डोणगावच्या पुढचं. इथं आले तेव्हा माझ्या बोलण्याला बायका हसायच्या, ‘जालन्याकडची मॅडम’ म्हणायच्या. आमचे हे पतसंस्थेत कारकून. गावाच्या कडेला प्लॉट पडले तेव्हा आम्ही दोन खोल्या बांधल्या, मग हळूहळू वाढवल्या. आमच्यापासून दोन घरं सोडून एका वायरमनचं घर होतं. सरकारी नोकरीतला नव्हे, आपल्या हातावर पोट असलेला. घरांचं फिटिंग, पंखे, कूलर, शेतातल्या मोटारी आणि स्टार्टर, सगळं तेच करायचे. मी त्यांना भाऊ म्हणायची, त्यांच्या बायकोला वहिनी. त्यांच्या गच्चीवर पंचशील ध्वज असायचा, आणि बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडची खीर आमच्याकडे न चुकता यायची. आमच्याकडून दिवाळीचा फराळ जायचा. आमच्या वस्तीत बाकी सगळे नोकरदार, सगळे सुशिक्षित, त्यामुळे अशी देवाणघेवाण करून आम्ही स्वतःवर जरा खूशच असायचो.

भाऊंच्या धंद्याची एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. वायरमनला लोकांनी आधी घरात घ्यायला हवं. तेही कपाटाच्या मागच्या बोर्डापर्यंत, माळ्यावर, देवघरात, बाई एकटी घरी असली तरी. गावात असा माणूस एकच होता, ज्याला बायका ‘भाऊ, चावी तुळशीपाशी हाय, तुमी जाऊन करून घ्या’ असं फोनवर सांगायच्या. त्यांच्या हातात कसब होतं हे खरंच, पण त्यांना काम मिळायचं ते या चावीमुळे.

त्या हिवाळ्यात भाचीच्या साखरपुड्याला आम्ही माहेरी गेलो होतो. सकाळच्या एसटीनं परत आलो तर दाराचं कुलूप खाली पडलेलं, कोयंडा उचकटलेला, आत कपाट उघडं, कपडे पलंगावर. माझा पोहेहार, कानातली, कमरेचा चांदीचा छल्ला, सगळं गेलं होतं. चोरांनी जाताना मेन स्विचही ओढून काढला होता, घरात अंधार. मी काय केलं असेल? पोलिसांना नंतर, आधी भाऊंना फोन केला. अडचण आली की भाऊंना फोन, ही आमच्या हाताला सवयच होती.

ते चहा अर्धवट टाकून आले. आधी त्यांनी मेन जोडला, दिवे लावले. मी रडत होते, हे डोक्याला हात लावून ओट्यावर बसले होते. दार उघडं कसं ठेवायचं, या काळजीनं मी भाऊंना म्हटलं, “भाऊ, ते कुलूप बघा हो, परत बसेल का?” त्यांनी कुलूप उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, कोयंड्यात घालून पाहिलं.

“मॅडम, कुलूप तं गेलं कामातून. कोयंडा सरळ करून देतो संध्याकाळी.”

कुलूप त्यांनी जिथं पडलं होतं तिथंच परत ठेवलं आणि ते एका शेतात स्टार्टर दुरुस्त करायला निघून गेले. एवढंच घडलं. मी त्यांना हात लावायला सांगितला, त्यांनी लावला.

पोलिस आले, पंचनामा झाला. साध्या घरफोडीला काही दरवेळी कुत्रं आणत नाहीत. पण माझा एक मावसभाऊ जिल्ह्याच्या ठिकाणी कुठल्याशा कार्यालयात आहे. त्याला मी फोन केला, त्यानं कुणाला केला, आणि दुपारी गाडी आली. खोटं कशाला बोलू, त्या गाडीनं मला बरं वाटलं. आमच्या घरच्या चोरीची कुणीतरी दखल घेतली असं वाटलं. सगळं गाव लोटलं. शाळा सुटायच्या आधीच पोरं भिंतीवरून उड्या टाकून आली. हातगाडीवाला भजी घेऊन आला, इतकी जत्रा.

फौजदारसाहेब तरुण होते, बोलायला नीट होते. कुत्र्याला वास द्यायच्या आधी त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, “मॅडम, सकाळपासून या कुलपाला घरच्यांनी किंवा आणखी कुणी हात लावला का?”

मी वर्गात रोज असंच विचारते. फळ्यावर कुणी रेघोट्या मारल्या? खडू कुणी मोडला? आणि पंचवीस-तीस तोंडं एका सुरात म्हणतात, “कोणीच नाही, मॅडम!” मला त्यांचा राग यायचा. तर त्या दिवशी अंगणात, अख्ख्या गावासमोर, माझ्या तोंडून तेच आलं. “कोणीच नाही, साहेब.”

का बोलले मी तसं? टीव्हीवर पाहून एवढं माहीत होतं की चोरीच्या जागी हात लावायचा नसतो. लावू दिला म्हटलं तर साहेब म्हणणार, मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला एवढं कळत नाही? गावासमोर रागावून घ्यायचं नव्हतं, बस. त्यापलीकडे माझ्या मनात तेव्हा काही नव्हतं. हे शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग आपल्या चपलांकडे पाहिलं.

कुत्री होती, काळी, देखणी. तिला सांभाळणारा शिपाई तिच्याशी लेकराशी बोलावं तसं बोलत होता. तिनं कुलूप हुंगलं, अंगणात एक फेरी मारली, फाटकातून बाहेर पडली. आम्ही सगळे मागे. नळाच्या चौथऱ्यापाशी थांबली तसे लोकही थांबले. मग तिनं मान खाली घातली, सरळ भाऊंच्या दाराशी गेली आणि बसली.

वहिनी अंगणात मिरच्या निसत होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. एवढी माणसं आणि पोलिस पाहून त्या उठल्या, आणि कुत्री धापा टाकतेय पाहून आत जाऊन वाडग्यात पाणी घेऊन आल्या. शिपाई म्हणाला, “नको बाई, कामावर असताना ती पीत नाही.” वहिनी ते वाडगं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, “घ्या! घरचाच निंगाला बे.”

तेव्हा मला बोलता आलं असतं. ‘साहेब, चुकले, सकाळी कुलूप यांनी हातात घेतलं होतं, मीच सांगितलं होतं,’ एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्याच क्षणी माझ्या मनात आलं, की त्यांना आमचं घर आतून माहीत आहे, कपाट कुठं आहे माहीत आहे, आम्ही गावाला गेलो तेही माहीत होतं. मनात आलं आणि लगेच गेलं, पण आलं होतं हे मी नाकारणार नाही. तो विचार जाईपर्यंत पोलिस त्यांच्या घरात शिरले होते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. ते दार कुठल्या घराचं आहे, हे गावाला पक्कं माहीत होतं. तेच कुत्रं सरपंचाच्या दारात किंवा आमच्या शेजारच्या देशमुखी घराच्या दारात बसलं असतं, तर गाव म्हणालं असतं, बिचाऱ्याला ऊन लागलं असेल. मला हे तेव्हाही कळत होतं. रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका मीच पोरांकडून म्हणवून घेते.

घरात काही सापडलं नाही. संध्याकाळी भाऊंना ठाण्यात बोलावून नेलं. थोड्या वेळानं आमच्याकडे साहेबांचा फोन आला. “मॅडम, हे म्हणतायत की सकाळी तुम्हीच त्यांना कुलूप बघायला सांगितलं होतं. तसं आहे का?”

त्यांनी अगदी सरळ विचारलं होतं आणि ‘हो’ म्हणायला पुरेसा वेळही दिला होता. पण दुपारी सगळ्यांसमोर नाही म्हटलं, आता हो म्हणायचं कसं? मी म्हणाले, “साहेब, फार गडबडीत होतो आम्ही. मला काही नीट आठवत नाही.” साहेब “बरं” म्हणाले. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, “आठवत नाही?” मी म्हणाले, “तुम्हाला आठवतं ना, मग तुम्ही घ्यायचा होता फोन.” आमचं त्या विषयावरचं बोलणं तिथंच संपलं, आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही ते काढलं नाही.

भाऊंना त्याच रात्री सोडलं. पुरावा काही नव्हता. दोन दिवसांनी साहेब स्वतः यांना पतसंस्थेत म्हणाले, कुत्र्याच्या वासावर कोर्टात काही टिकत नाही, त्या माणसाबद्दल आमची काही तक्रार नाही. कागदावर भाऊंचं नाव संशयित म्हणूनसुद्धा आलं नाही.

कागदावर नाही आलं, पण गावानं मनात पक्कं केलं. आधी फोन कमी झाले. मग ‘चावी तुळशीपाशी हाय’ बंद झालं. मग भाऊ कुणाच्या घरी काम करत असले की घरातली कुणीतरी म्हातारी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागली, ते शिडीवर चढले की तिची मान वर, उतरले की खाली. भाऊंनी अशी कामं घेणं सोडलं. शेतातल्या मोटारी तेवढ्या राहिल्या, आणि त्याही उन्हाळ्यात थांबल्या. एक दिवस मधल्या सुट्टीत पाहते तर आमची पोरं मैदानात कुत्र्याचा खेळ खेळत होती. एक पोरगं हातापायांवर रांगत होतं, दुसऱ्यानं त्याच्या गळ्यात मफलर धरला होता. रांगणारं पोरगं हुंगत हुंगत गेलं आणि भाऊंच्या धाकट्या पुतण्यापुढे जाऊन बसलं. सगळी खिदळली. मी धावत गेले, दोघांना एकेक लगावली. हल्ली मारत नाहीत, मी मारलं. मफलरवालं रडत म्हणालं, “मॅडम, तुमच्याच घरून तं आलतं कुत्रं!”

शाळेच्या ऑफिसात तेव्हा हाच विषय असायचा. मुख्याध्यापक म्हणत, ठाण्याकडे माणसंच नाहीत, एकेका जमादाराकडे किती गावं, ते तरी काय करतील. दुसरे गुरुजी म्हणत, पोलिस पकडतात हो, कोर्टात सुटतात, वर्षानुवर्षं तारखा, साक्षीदार फितूर, म्हणून लोक आपला न्याय आपणच करतात. एक नवी शिक्षिका होती, ती म्हणायची, लोकांनाच अक्कल नाही, पोलिसांना कशाला बोल लावायचा. आणि मी? सगळ्यांत जोरात मी बोलायची. गर्दी हटवली का नाही? हजार माणसांसमोर कुत्रं सोडतात का? वासाला किंमत नाही, तर दुसऱ्या दिवशी गावात येऊन तसं सांगायला नको? एका माणसाचं आयुष्य उठवलं आणि गाडीत बसून निघून गेले! टेबलावर हात आपटायची मी. मुख्याध्यापक म्हणायचे, मॅडमचं बोलणं बरोबर आहे.

बरोबर होतंच. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पोलिसांचं चुकलं, गावाचं चुकलं. फक्त मी जेवढं जोरात बोलायची तेवढं मला हलकं वाटायचं, आणि घरी येताना भाऊंचं घर लागायचं तेव्हा मी पदर सावरत पलीकडच्या बाजूनं चालायची. वहिनी दारात असल्या तर मोबाइल कानाला लावायची. पलीकडे कुणी नसायचं.

पावसाळ्यात भाऊ मलकापूरला गेले. कुणाच्या तरी ओळखीनं कापसाच्या एका जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियनचं काम मिळालं. वहिनी आणि मुलं गावातच राहिली, शाळा होत्या, घर होतं. ते गेल्यावर मला चैन पडेना. मी ठाण्यात गेले. आधीचे साहेब बदलून गेले होते, नवे वयानं मोठे होते. मी त्यांना म्हटलं, अहो, त्या माणसाचा काही संबंध नाही असं तुम्ही लिहून द्या, मी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावते. त्यांनी फाइल मागवली, पाहिली, चष्मा काढला.

“मॅडम, ज्याच्यावर गुन्हाच नाही, त्याला निर्दोष कसं लिहून देऊ? यात त्यांचं नावच नाही.”

“पण गावात तर सगळे…”

“गावाचं मी काय करू?” मग फाइल मिटत म्हणाले, “तुमच्याकडे काही नवीन माहिती आहे का?”

नवीन तर काही नव्हतं. होती ती जुनीच माहिती होती. मी म्हणाले, “नाही.” आणि जिना उतरताना मला कळलं, की या माणसावर आरोप कुणीच केलेला नाही, त्यामुळे तो मागे घेणाराही कुणी नाही. पोलिसांनी केला नाही, कोर्टानं केला नाही, मी तर शब्दानं केला नाही. आम्ही सगळे आपापल्या जागी बरोबर होतो आणि भाऊ मलकापुरात होते. मला तिथंच, ठाण्याच्या पायरीवर, स्वतःची शिसारी आली.

पुढे दिवाळी झाल्यावर चोर सापडले. मलकापूरजवळ हायवेवर एक टोळी पकडली, बाहेरच्या राज्यातली, आणि त्यांनी बऱ्याच घरफोड्या कबूल केल्या. आमचीही त्यात होती. सोनं वितळून गेलं होतं, छल्ला मात्र मिळाला. मला वाटलं, सुटले. आता काही बोलायची गरजच नाही, आता गावाला आपोआप कळेल. गावाला कळलंही. दळणाच्या रांगेत माझ्यापुढे दोन बायका बोलत होत्या.

“चोर सापडले म्हणे मॅडमचे.”

“हाव, पण बाहेरगावच्या चोराले घर कसं सापडलं? टीप कोणी देली? कुत्रं काई येडं होतं का वो?”

म्हणजे चोर सापडून भाऊ आणखीच अडकले. आधी ते चोर होते, आता चोरांचे साथीदार झाले. कुत्री त्या दाराशी का बसली, याचं उत्तर जोवर गावाला मिळत नाही तोवर त्यांची सुटका नव्हती, आणि ते उत्तर अख्ख्या पृथ्वीवर चार माणसांकडे होतं. भाऊ, वहिनी, हे आणि मी. त्यातल्या दोघांचं कुणी ऐकणार नव्हतं.

छल्ला ओळखायला मलकापूरला जावं लागलं. ते काम झाल्यावर यांना स्टँडवर बसवलं आणि मी रिक्षा करून जिनिंगवर गेले. जेवणाची सुट्टी होती. भाऊ फाटकाबाहेरच्या टपरीवर होते, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. मला पाहून ते उठून उभे राहिले.

“या मॅडम. चाय सांगू?”

चहा आला. मी म्हटलं, चोर सापडले. ते म्हणाले, “मालूम हाय. पेपरात होतं.” मग मी सुरुवात केली. भाऊ, त्या दिवशी साहेबांनी मला फोन केला होता, तुम्हाला माहीत नसेल, पण मी तेव्हा…

“फोन स्पीकरवर होता, मॅडम.”

मला आधी कळलंच नाही.

“मी समोरच बसलो होतो बाकड्यावर. साहेबानं मुद्दामच स्पीकर लावला, का बा मॅडम हो म्हणतीन आन याले लगेच सोडू. मलेही वाटलं, मॅडम हायेत, आता काही टेन्शन नाही.” ते बशीत चहा ओतत होते. “तुमचा आवाज आयकला म्या.”

म्हणजे त्या संध्याकाळपासून त्यांना माहीत होतं. माझ्याकडे बुद्धपौर्णिमेची खीर आली नव्हती, ती का आली नाही यावर मी घरात नाराज झाले होते! मी विचारलं, “मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही, भाऊ?”

“सांगतलं नं. किती जणाले सांगतलं. थे म्हनत, मॅडम खोटं कायले बोलतीन? तुमी ‘नाही’ म्हनल्यावर माह्या ‘हो’ले कोन इचारते?” मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, “राग नाही म्हनलं तं खोटं होईन. हाय मले राग.”

मी मान खाली घातली. म्हटलं, ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगते. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तसे उठले. “सांगा. माह्यासाठी नाही, तिच्यासाठी सांगा. मी तं इथं हावो. तिले थेच गावात राह्यनं पडते.” चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. झेंडावंदनामुळे माणसं बरीच होती. घरकुलं आणि पाण्याची टाकी हे विषय झाल्यावर मी हात वर केला. चार वाक्यं पाठ करून गेले होते, तीसुद्धा धड आली नाहीत. पण सांगितलं. कुलूप मी त्यांना उचलायला लावलं. कुत्रीला त्यांचाच वास मिळाला. साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी सगळ्यांसमोर नाही म्हणाले, आणि नंतर फोनवर आठवत नाही म्हणाले. हे माझ्यामुळे झालं आहे. त्यांची मी माफी मागते.

मी वाट पाहत होते की कुणीतरी ओरडेल, निदान कुणी म्हणेल की मॅडम, हे काय केलं तुम्ही. मी त्यासाठीच उभी होते. सरपंच खुर्चीतून उठले. म्हणाले, आजकाल आपली चूक कबूल करायला मोठं मन लागतं, आपल्या गावाला असे शिक्षक लाभले हे आपलं भाग्य, मॅडमसाठी एकदा टाळ्या. आणि टाळ्या वाजल्या. भरपूर वाजल्या. मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाणी होतं. दळणाच्या रांगेतली ती बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, “बाप्पा, केवढी हिंमत वो तुमची.” भाऊंचं नाव कुणी घेतलं नाही. त्यांना कधी बोलवायचं, कुणी त्यांच्या घरी जायचं, यावर चकार शब्द नाही. अंगणवाडीचा विषय निघाला आणि सभा पुढे गेली.

मी बाहेर आले तर वहिनी पंचायतीच्या भिंतीपाशी उभ्या होत्या. त्या सभेला आल्या आहेत हे मला आतून दिसलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ गेले. आम्ही जवळजवळ वर्षानं एकमेकींसमोर उभ्या होतो.

“आयकलं मी सगळं,” त्या म्हणाल्या. “बरं झालं, बोलल्या तुमी.”

“आता लोक भाऊंना बोलावतील,” मी म्हटलं. “बघा तुम्ही.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज चढवला नाही.

“मॅडम, दिवाळीच्या टायमाले तुमच्या घरी इन्व्हर्टर बसवला नं? कोन आलता बसवाले?”

मी म्हणाले, “डोणगावचा मुलगा.”

“आन पावसाळ्याच्या आधी? पंपाची मोटार जळली होती तुमची. आमचा मानूस घरीच होता तवा, रिकामा.”

तोही डोणगावचाच होता.

“गावाचं सोडा,” वहिनी म्हणाल्या. “गावाले मालूम नोतं. तुमाले तं पहिल्या दिवसापासून मालूम होतं का थो चोर नाही. मंग तुमी काऊन नाही बलावलं?”

याचं उत्तर मला माहीत होतं. ते घरात आले असते, त्या दारातून आले असते, आणि मला त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. गाव त्यांना चोर समजून बोलवत नव्हतं आणि मी त्यांना निर्दोष समजून. हे तोंडानं म्हणायला मी शब्द जुळवत राहिले. आत कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या, अंगणवाडीचा ठराव मंजूर झाला असावा. वहिनी थोडा वेळ थांबल्या, मग पदर खांद्यावरून घेऊन घराकडे चालू लागल्या, आणि मी त्यांच्या मागोमाग गेले नाही.